मोटार फिरली नाही तरी चालेल

विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर आलं की स्टेशनरीच्या दुकानात गर्दी उसळते. तयार ज्वालामुखी, तयार पवनचक्की, रंगवलेली सूर्यमाला. विकत आणलेलं जोडायचं काम रात्री बाबा करतात, अक्षर सुबक म्हणून तक्ता आई लिहिते आणि ज्याचा प्रकल्प आहे ते लेकरू शेजारी पेंगत असतं. आम्हा शिक्षकांना हे दिसत नाही असं समजू नका. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभं राहून एकच प्रश्न विचारला, "हे इथे का जोडलंस?" की सगळं बाहेर येतं.

तुमची माया कळते मला. पण मुलाच्या वाट्याची गंमत आपण खातोय, एवढं मात्र आज मोकळेपणाने बोलायचं आहे.

त्या ज्वालामुखीवर माझा रागच आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं, फेस आला, टाळ्या झाल्या, संपलं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून शोधण्यासारखंही फारसं काही उरत नाही. त्यापेक्षा घरी मोटार करू द्या. टॉर्चमधला दीड व्होल्टचा जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी, एक चुंबक आणि सव्वा मीटर वाइंडिंगची तार. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. भारतातल्या असंख्य मुलांपर्यंत ही मोटार पोचवली ती अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर. पुण्यात ट्रकच्या कारखान्यातली नोकरी सोडून टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिले, पुढे आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं रमले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट वाचता येतात.

तार सेलभोवतीच दहा वेळा गुंडाळायची, गुंडाळी सेलवरून काढून घ्यायची आणि दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची. ट्यूबच्या पट्टीने सेफ्टी पिना सेलच्या दोन्ही बाजूंना उभ्या आवळायच्या. चुंबक सेलच्या अंगावर आपोआप चिकटतं. पिनांच्या भोकांत गुंडाळीची टोकं अडकवली की झाली मोटार. आणि बहुतेक वेळा ती फिरत नाही.

इथेच खरी मजा सुरू होते आणि इथेच आईबाबांचा हात शिवशिवतो. "आण इकडे, मी करतो." नका म्हणू. "काय काय कारण असू शकेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पिना सेलच्या टोकांना नीट टेकल्यात का? गुंडाळी एका बाजूला जड झालीय का? दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का? मूल स्वतः एकेक तपासेल. फक्त एक शिस्त लावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मोटार फिरली, तर ती कशामुळे फिरली हे कधीच कळणार नाही. कारखान्यातला इंजिनिअर बिघाड शोधताना हेच करतो.

मेख बहुधा तारेच्या टोकाशी असते. या तारेवर वीज न वाहणारा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय प्रवाह जात नाही. मुलं दोन्ही टोकं उत्साहाने चकचकीत करून टाकतात आणि गुंडाळी नुसती डुलत राहते. कारण अर्ध्या फेरीत चुंबक तिला पुढे ढकलतं आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे. म्हणून एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसऱ्याचा, गुंडाळी ताठ उभी धरून, फक्त वरच्या बाजूचा थर काढायचा. मग मागे ढकलायची वेळ आली की वीजच बंद आणि तेवढं अंतर गुंडाळी आपल्या वेगाने पार करते. पण हे लगेच सांगून टाकू नका हं. "डुलतेय, पण फिरत का नसेल?" हा प्रश्न रात्रभर मुलाच्या डोक्यात राहिला तर त्याच्या झोपेचं काही बिघडत नाही.

घरात मूल लहान असेल, तर दाराच्या चौकटीला दोरीने कुलूप टांगा. एक मीटर लांबी ठेवली तर वीस झोक्यांना जवळपास चाळीस सेकंद लागतात. आता विचारा, जड कुलूप लावलं तर? झोका लवकर येईल म्हणून मूल पैज लावेल आणि हरेल. वजनाने काही फरक पडत नाही, पडतो तो लांबीने. वेळ निम्मी करायची तर दोरी किती आखूड करायची? अर्धा मीटर म्हणाल तर तुम्हीही हरलात. पंचवीस सेंटिमीटर लागते.

"आम्हालाच फिजिक्स येत नाही हो," असं पालक सभेत बरेचजण सांगतात. मग तर छानच. तुम्हाला उत्तर माहीत नसलं की ते देण्याचा मोह होत नाही, दोघं मिळून शोधता.

काही बाबतींत मात्र हात मागे घेऊन चालणार नाही. प्रयोग सेलवरच, भिंतीतल्या प्लगशी काही जोडायचं नाही, कधीच नाही. मोबाइलची जुनी बॅटरी उघडायची नाही, टोचायची नाही. गुंडाळी अडकून थांबली की तार आणि सेल तापतात, तेव्हा लगेच सोडवून ठेवायची. आणि हल्ली मिळणारी बटणाएवढी जबर चुंबकं लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळली गेली तर ती आतड्यांच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात, इजा गंभीर होते. घरात हे घडलंच, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

जाता जाता एक. घरात पंखा उघडला की भाऊ पेचकस घेऊन स्टुलावर असतो आणि ताईला खाली टॉर्च धरायला उभं केलेलं असतं. माझ्या वर्गात तारेचा थर सगळ्यात सफाईने खरवडणाऱ्या मुलीच असायच्या. पुढच्या वेळी पेचकस तिच्या हातात द्या आणि टॉर्च तुम्ही धरा.