वर्गात मोबाइल काढण्याआधी

माय, किनवटकडच्या जिल्हा परिषद शाळेवर तुझी नेमणूक झाली आणि तू स्पीकर, केबली, नवा मोबाइल अशी पिशवी भरून निघालीस म्हणे. अंथरूण-पांघरूण तरी घेतलंस ना? हौस मात्र चांगली आहे. लेकरांना हात लावायला, बोलायला, निवडायला मिळेल असं काहीही वर्गात आण. फक्त एवढं कानात ठेव.

१. टीव्ही लावला म्हणजे शिकवणं झालं असं समजू नको — नुसतं बघणारं लेकरू गप्प असतं, अन् त्याला काय कळलं ते तुला कळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी चित्र थांबव, "आता पुढं काय होईल?" विचार, एखाद्याला पडद्यापाशी बोलव. बोट लेकराचं, नजर बाईची.

२. दाखवायचं ते आदल्या दिवशी रेंज असेल तिथं मोबाइलमध्ये उतरवून घे — लेकरं गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघत फार वेळ बसत नाहीत.

३. मोबाइलवरच्या प्रत्येक खेळाचं फळ्यावरचं रूप तयार असू दे — लाइट जावी, धडा जाऊ नये.

४. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आधी तू स्वतः दीक्षा ॲपमधून उघडून बघ — कोणता व्हिडिओ कामाचा अन् कोणता लांबलचक, हे वर्गात ठरवायचं नसतं. पुस्तकात कोड छापायची ही कल्पना आपल्याच मातीतून वर आली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात आणला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांची शाळाही जिल्हा परिषदेचीच होती, हे विसरू नको.

५. वर्गात एकच मोबाइल असेल तर प्लिकर्स ॲप वापर — त्यात लेकरांच्या हातात यंत्र लागत नाही, कागदाचं कार्ड पुरतं. कार्डावर काळा चौकोनी ठसा असतो, प्रत्येक क्रमांकाचा वेगळा. उत्तर अ असेल तर एक बाजू वर, ब असेल तर दुसरी, असं फिरवून कार्ड धरायचं. तू मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवलास की कुणी काय उत्तर दिलं ते दिसतं. ठसे वेगळे, म्हणून शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. मागच्या ओळीतली, कधीच हात वर न करणारी पोर इथं पहिल्यांदा उत्तर देते, म्हणून मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नको, उजेड चमकला की कॅमेऱ्याला ठसा दिसत नाही. बोटं ठशावर येऊ न देण्याची सवय आधी लाव, मगच प्रश्न विचार.

६. कहूटसारख्या शर्यतीच्या खेळात वेळ वाढवून ठेव अन् चौघांचा गट कर — तिथं लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, आणि सावकाश वाचणारं लेकरू स्वतःला ढ समजू लागतं.

७. वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग घे — लेकरू मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, अडलेला शब्द सांगतं. गोष्टी उतरवून घेतल्या की नेटही लागत नाही. २०१९ मध्ये ते 'बोलो' नावानं आलं आणि त्याच वर्षी त्यात मराठी आली. पण जवळ बस. तुझ्या वर्गात घरी गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणारी लेकरं असतील, तिकडं देगलूर-बिलोलीत तेलुगू बोलणारी असतात. त्यांचा उच्चार ॲपला कळला नाही तर ती चूक लेकराची नव्हे, हे त्याला लगेच सांग. यंत्र अडलं तर लेकराला रागावू नये.

८. त्यांच्याच भाषेतले शब्द त्यांच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कर. झाडं, पाखरं, भाकरीची नावं गोरमाटीत अन् मराठीत — आपला आवाज शाळेत वाजला की लेकरू शाळा आपली मानतं.

९. टॅब ज्याच्या हातात, त्यानं फक्त बोट लावायचं. उत्तर गटातल्या दुसऱ्यानं सांगायचं — नाहीतर दांडगा पोरगा खेळतो, बाकीचे मान वर करून बघतात.

१०. पत्र्याच्या खोलीत दुपारी प्रोजेक्टर लावू नको — उजेडात काही दिसत नाही आणि उकाड्यानं यंत्रही तापतं. बंद केल्यावर त्याचा पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण दाबायचं नाही.

११. वर्गात बँकेचे अन् घरचे मेसेज येणार नाहीत असं करून ठेव. लेकरांचे फोटो नावानिशी कुठल्याही ग्रुपवर टाकू नको — आईबापांनी लेकरू तुझ्या भरवशावर सोडलंय.

१२. पंधरा-वीस मिनिटं झाली की यंत्र बंद. पडद्यावर मोजलेला कोन खिडकीच्या चौकटीत शोधायला लाव, पडद्यावरचं पान अंगणातल्या झाडाला जुळवायला लाव — हातानं केलेलं लेकरू विसरत नाही.

बाकी पुढच्या रविवारी नांदेडला ये. त्याआधी हजेरीची यादी क्रमांकासह पाठव, प्लिकर्सची कार्डं छापून ठेवते.