जुनी व्हॅन, लांबचा रस्ता : अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि भारतातून आई-बाबा आले, की सहलीचा विषय निघतोच. दारात मात्र उभी असते लाखभर मैल धावलेली, कुणाकडून तरी विकत घेतलेली ओडिसी नाहीतर सिएना. ‘हिला घेऊन एवढं लांब जायचं?’ यावर इथे मुरलेल्या मराठी घरांचं उत्तर जवळपास एकच आहे : खुशाल जा, पण गाडीला झेपेल तेवढंच जा. सहा माणसं, आजींचे दुखरे गुडघे आणि आठवड्याचं सामान यांची सोय करणारी दुसरी गाडी त्या पैशांत मिळत नाही. फसतो तो बहुधा कार्यक्रम. लॉस एंजलिसहून निघून चार दिवसांत वेगास, ग्रँड कॅन्यन, झायन आणि यलोस्टोन उरकायला निघालेल्यांची दमछाक नव्या गाडीतही होते.

गाडी मेकॅनिकला दाखवायची ती निघायच्या दोन आठवडे आधी, आदल्या शनिवारी नव्हे. दुरुस्ती निघाली तर सुटा भाग यायला वेळ लागतो. व्ही-सिक्स इंजिनाच्या ओडिसीला टायमिंग बेल्ट असतो आणि तो साधारण एक लाख मैलांनंतर किंवा सात वर्षांनी बदलावा लागतो. आधीच्या मालकाने बदलल्याची पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, कारण धावत्या गाडीत तो तुटला की इंजिनच जातं. २००७ पासूनच्या साडेतीन लिटर सिएनाला चेन असते, तिथे ही काळजी नाही. टायरवर ‘डीओटी’पासून सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर वाळवंटात नेऊ नका. रस्त्यावरच्या मदतीसाठी ट्रिपल-एचं सदस्यत्व घ्यायचं असेल तर ‘प्लस’ घ्या. त्यात गाडी शंभर मैलांपर्यंत ओढून नेतात, आणि पश्चिमेकडे पुढचं गॅरेज खरंच तेवढं लांब असू शकतं.

वेगासच्या वाटेवर बेकर गाव सोडलं की आय-१५ चढू लागतो. गाव हजार फुटांच्याही खाली आणि पुढची माउंटन पास खिंड ४,७०० फुटांवर. गाडी तापू नये म्हणून एसी बंद ठेवा, अशी पाटीच तिथे आहे. काटा वर चढू लागला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू करा. मुलं ओरडतील, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर कडेला थांबा आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. लांब उतारावर सतत ब्रेक दाबण्यापेक्षा गिअर खाली आणा. आपल्या घाटांत ट्रकवाले तेच करतात. यूटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभराहून जास्त मैलांत एकही पंप नाही. पेट्रोलची टाकी आणि पाण्याचे कॅन भरूनच तिथे शिरा.

जेवणाबद्दल मात्र एकमत नाही. टेक्ससमधल्या एका काकूंच्या मते पहिल्या दोन दिवसांचं सगळं घरून न्यावं : दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. त्यांच्या सुनेला हा व्याप नको वाटतो. मोटेलच्या खोलीत फोडणी करू नका, यावर मात्र दोघी ठाम. मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म वाजतो.

खरी गोष्ट अस्वलांची. २००१ ते २००७ या काळात योसेमिटीत अस्वलांनी फोडलेल्या गाड्यांचा संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांत मिनीव्हॅनचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच जास्त निघालं. मुलांनी सांडलेल्या खाऊचा वास हे एक संभाव्य कारण सांगितलं गेलं. चाइल्ड सीटच्या खाचेतला चिवडा आठवला की पटायला जड जात नाही! तिथे रात्री गाडीत अन्न ठेवायला मनाई आहे. डबे, टूथपेस्ट आणि आजींची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा पुरवलेल्या लोखंडी पेटीत ठेवायची. जाण्याआधी सीट बाहेर काढून झाडा. तीत बसवताना नातू रडला तरी ‘घे गं मांडीवर’ चालणार नाही, हे आजी-आजोबांना घरीच सांगून ठेवा. हा कायदा आहे, आणि त्याचे तपशील राज्यागणिक बदलतात.

परतताना कॅलिफोर्नियाच्या सीमेवर शेतमाल तपासणीचा नाका लागतो. आंबे, संत्री आहेत का विचारतील, तर खरं सांगा. आपण व्हिसावर असाल तर प्रत्येक प्रौढाचा मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची छापील प्रत हाताशी असू द्या. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत सीमेपासून आतल्या रस्त्यांवरही बॉर्डर पेट्रोलचे नाके असतात, आणि कागद गाडीच्या तळाशी, सहा बॅगांखाली असले की घाम फुटतो. नायगाऱ्याला गेलात तर पुलाकडे वळणाऱ्या लेनकडे लक्ष ठेवा. चुकून कॅनडात शिरलेल्या आई-बाबांना परत आणणं सोपं नाही.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो प्रदेश करतो. त्यामुळे मॉन्युमेंट व्हॅलीच्या परिसरात फोनवरची वेळ मागेपुढे उडी मारते. बुकिंग केलं असेल तर वेळ कोणती, हे फोन करून विचारा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही तिथे चालत नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर दिवसाला तीनशे मैल पुरेत. दर दोन तासांनी थांबा आणि अंधाराआधी मुक्काम गाठा, कारण संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. आठवड्यात एक दिवस कोरा सोडा, म्हणजे गाडी गॅरेजात गेली तरी पुढचं सगळं कोलमडत नाही. उद्यानांमधल्या खोल्या मात्र कित्येक महिने आधी भरतात. तेव्हा पुढच्या जूनमध्ये जायचं असेल तर तारखा आत्ताच ठरवा आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करा.