इंग्लंडांतील कालवे व होडींत राहणारे लोक

कालवा म्हटला म्हणजे धरणाचें पाणी शेताकडे नेणारा पाट, असाच अर्थ आपल्या मनांत येतो. इंग्लंडांतील जुने कालवे याहून निराळे. ते मालवाहतुकीसाठीं खणलेले पाण्याचे रस्ते होत. ब्रिजवॉटरच्या ड्यूकानें वर्स्ली येथील खाणींतला दगडी कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठीं जेम्स ब्रिंडली या कारागिराच्या साह्यानें काढिलेला कालवा इ. स. १७६१ मध्यें सुरू झाला. पुढें अशा कालव्यांचें जाळें पसरलें. आगगाडीनें व मोटारीनें त्यांचा व्यापार ओढून घेतला, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे गोठून राहिल्यावर तो बहुतेक संपला. आज त्यांवर हजारों लोक होडींतच घर करून राहतात.

ही होडी सुमारें सात फूट रुंद व कित्येकदां साठ-सत्तर फूट लांब असते. रुंदी इतकी बेताची कां, याचें उत्तर 'लॉक' या रचनेंत आहे. चढाच्या जागीं कालव्यांत दगडाविटांचा हौद बांधून दोन्ही टोकांस लांकडी दारें बसवितात. खालून आलेली होडी आंत शिरली कीं मागचें दार लावावयाचें व वरच्या बाजूची झडप उघडावयाची; पाणी भरत जातें आणि तें सबंध घर अलगद वर उचललें जातें. हौद अरुंद, म्हणून खर्च थोडा व पाणीही थोडें. तरी दर खेपेस सुमारें २५ हजार गॅलन पाणी खालीं जातें, तें पंपावांचून परत येत नाहीं. म्हणून डोंगरांत तलाव हवे, तळाशीं मळलेल्या चिकणमातीचा थर अभंग हवा, दारें घट्ट हवींत. आणि ओकच्या लांकडाचें दारही वीस-पंचवीस वर्षेंच टिकतें.

इंग्लंड व वेल्समधील सुमारें दोन हजार मैल जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. तिला सरकारी अनुदान मिळतें. परंतु २०२७ नंतर तें दरसाल शेंकडा ५ नें कमी करीत जावयाचें, असें सरकारनें २०२३ सालीं जाहीर केलें. इकडे तलाव जुने होत चालले. ऑगस्ट २०१९ मध्यें अतिवृष्टीनें टॉडब्रुक तलावाचा सांडवा खचला, तेव्हां व्हेली ब्रिज गांवांतील सुमारें १५०० लोकांस घरें सोडावीं लागलीं. असा अनर्थ टाळण्याकडे पैसा प्रथम जावा, हें रास्तच. पण मग गाळ कोणी काढावा?

गाळ सांचला कीं होडीचा तळ टेकतो. रात्रीं पाणी उतरलें तर सकाळीं चुलीवरचें भांडें एका अंगास घसरलेलें असतें. पंख्यास गवत, चिंध्या, प्लास्टिक गुरफटलें म्हणजे यंत्र बंद करून थंड पाण्यांत कोपरापर्यंत हात घालून तें कापावें लागतें. नळ नादुरुस्त असला तर पिण्याचें पाणी भरण्यास पुढल्या ठिकाणीं जावें, आणि वाटेंतील लॉकची झडप मोडलेली असली तर तेंही नाहीं. शौचाची टांकी रिकामी करण्याची सोय हाही असाच नाजूक प्रश्न आहे; त्याविषयीं अधिक न लिहिलेलेंच बरें.

यांत कायद्याची एक बाजू आहे. ज्यांस कायमचा धक्का नाहीं, त्यांनीं १९९५ च्या कायद्याप्रमाणें एका जागीं चौदा दिवसांहून अधिक राहूं नये. शिवाय एप्रिल २०२४ पासून त्यांना परवान्यासाठीं इतरांहून अधिक पैसे भरावे लागतात. चालत राहण्याची अट घालावी आणि वाट मात्र मोडकी असावी, ही त्यांची तक्रार मला तरी खोटी वाटत नाहीं. २०२५ च्या उन्हाळ्यांत अवर्षणानें तलाव आटले व अनेक कालवे कित्येक आठवडे बंद राहिले. अशा वेळीं मुक्काम वाढविण्यास कायदा आड येत नाहीं, हें खरें. पण पाण्याचा नळ कांहीं होडीकडे चालत येत नाहीं. शेगडीचा कोळसा, डिझेल व गॅस विकणाऱ्या होड्याही याच कालव्यानें येतात, आणि लॉक बंद झालें कीं त्याही पलीकडे अडकून पडतात.