‘ना’ : अक्षर एक, अर्थ अनेक

‘बस ना’, ‘जेव ना’ असे आजी म्हणते, तेव्हा इस्राएलात वाढलेल्या नातवाला त्यात हिब्रू ‘ना’ ऐकू येतो. तोही विनंतीचाच शब्द. मिर्यामसाठी मोशेने केलेल्या पाच शब्दांच्या प्रार्थनेत तो दोनदा येतो. पण आज तो जास्त भेटतो पाट्यांवर : ‘ना लो लेआशेन’, कृपया धूम्रपान करू नये. आजीचा ‘ना’ असा पाटीवरचा नाही. त्यात मायेचा आग्रह आहे. तो गाळून नुसते ‘पाणी दे’ म्हटले, की हुकूम वाटतो आणि आजीच्या मनाला लागते.

मराठी ‘ना’ खात्रीही करून घेतो (‘येणार ना?’) आणि नकारही देतो (‘ना इकडचा, ना तिकडचा’). नकाराचा ‘ना’ संस्कृत ‘न’वरून आला, ‘नाराज’, ‘नापसंत’ यांतला फारसीतून. हिब्रूशी यांचे नाते नाही, साम्य फक्त उच्चाराचे.

हिब्रूत आणखी एक ‘ना’ आहे. अक्षरे तीच, नून आणि अलेफ; अर्थ मात्र ‘कच्चे’. पेसाहच्या कोकराचे मांस ‘ना’ खाऊ नये, अशी आज्ञा शेमोतच्या 12व्या अध्यायात आहे. आजीचे ‘खा ना’ अर्थातच त्यातले नव्हे!