अंडनलिकेत नेमकं काय घडतं? (गाय आणि कोंबडीच्या उदाहरणातून)



प्रजननसंस्थेची आकृती मुलं छान काढतात. अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय अशी नावंही बरोबर लिहितात. पण "फलन कुठे होतं?" असं विचारून बघा. बरीच मुलं "गर्भाशयात" असं उत्तर देतील. 'नलिका' म्हटलं की इकडून तिकडे नेणारा पाइप एवढंच डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात शुक्रपेशी आणि अंडपेशी यांची भेट होते ती या नलिकेतच. ज्यांच्या घरी दुभती जनावरं आहेत, त्यांच्यासाठी तर हा मुद्दा थेट संसाराशी जोडलेला आहे.

गाईची अंडनलिका

गाईला दोन अंडनलिका असतात. प्रत्येकीची लांबी साधारण २० ते ३० सें.मी., पण जाडी जेमतेम काही मिलिमीटर. तिचे तीन भाग लक्षात ठेवा.

१. अंडाशयाजवळचं नरसाळ्यासारखं तोंड : अंडाशयातून सुटलेलं अंडं हे झेलतं.
२. मधला रुंद भाग : याच्या खालच्या टोकाशी, जिथे नळी अरुंद व्हायला लागते, तिथे फलन होतं.
३. गर्भाशयाकडचा अरुंद भाग : इथे शुक्रपेशी आतल्या अस्तराला चिकटून थांबतात. म्हणजे हे त्यांचं प्रतीक्षालयच!

शुक्रपेशी आल्या आल्या फलन करू शकत नाहीत. मादीच्या शरीरात काही तास राहून त्यांच्यात बदल व्हावे लागतात, तेव्हा कुठे त्यांना ती क्षमता येते. १९५१ मध्ये ऑस्टिन आणि चँग या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिलं.

फलनानंतर गर्भ लगेच गर्भाशयात जात नाही. सुमारे चार दिवस तो नलिकेतच राहतो. तिथल्या द्रवातून त्याला पोषण मिळतं, आणि एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी होतात. तोवर गर्भाशयाची तयारी होते. नलिकेच्या आतले सूक्ष्म केस आणि स्नायूंचं आकुंचन त्याला हळूहळू पुढे सरकवतात.

सकाळ-संध्याकाळचा नियम कशासाठी?

सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवा, संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा, असं डॉक्टर सांगतात. त्याचं कारण वरच्या माहितीत आहे. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि माज संपल्यानंतर १० ते १४ तासांनी अंडं सुटतं. सुटलेलं अंडं अर्ध्या दिवसाच्या आसपासच उपयोगी असतं. म्हणून ते येण्याआधी तयार शुक्रपेशी नलिकेत हजर असायला हव्यात. फार लवकर भरवलं तर शुक्रपेशी दमतात, फार उशिरा भरवलं तर अंडं वाया जातं. गाय उलटते त्यामागे कितीदा तरी एवढंच कारण असतं.

नळी बंद असेल तर?

आता मुलांना एक कोडं घाला. गाय दर २१ दिवसांनी नियमित माजावर येते, चांगली धडधाकट आहे, तरी गाभण राहत नाही. असं का?

माजाचं चक्र अंडाशयातल्या संप्रेरकांवर चालतं. दोन्ही नलिका बंद असल्या तरी ते चक्र चालूच राहतं. फक्त भेट होत नाही. एकच बाजू बंद असेल तर चांगल्या बाजूचं अंडं सुटेल तेव्हा गाय गाभण राहू शकते. नळी इतकी बारीक असते की हाताने तपासताना तिच्यातला अडथळा सहज कळत नाही. म्हणून तीनदा भरवूनही गाय उलटली, तर तिला भाकड ठरवून बाजार दाखवण्याआधी पशुवैद्यकाकडून नीट तपासणी करून घ्यावी. वेळ चुकणं, खुराकातली कमतरता, गर्भाशयाचा संसर्ग अशी इतर कारणंही असतात आणि त्यातली बरीच दुरुस्त होतात.

विण्याच्या वेळी स्वच्छता ठेवणं आणि अडकलेली वार स्वतः ओढून न काढता डॉक्टरांना बोलावणं, हे आपल्या हातात आहे. कारण गर्भाशयातला संसर्ग वर नलिकेपर्यंत पोचू शकतो.

वर्गात दाखवण्यासाठी : कोंबडीचं अंडं

कोंबडीत सहसा डावीच अंडनलिका कामाची असते. पिवळा बलक नरसाळ्यात येतो आणि तिथे साधारण पाव तास थांबतो. फलन व्हायचं तर तेवढ्यातच, कारण पुढे त्यावर पांढरा भाग चढतो. पांढऱ्यासाठी सुमारे ३ तास, पातळ पापुद्र्यांसाठी तासाभराहून थोडं जास्त आणि कवचासाठी जवळपास २० तास. एकूण २५-२६ तास! म्हणूनच अंडं घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते. उकडलेलं अंडं सोलताना मुलांना हे थर उलट्या क्रमाने दाखवा : कवच, पापुद्रा, पांढरा, पिवळा. कोंबडा नसला तरी हे सगळं घडतंच. फक्त त्या अंड्यातून पिल्लू येत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

माणसातही फलन नलिकेतच होतं. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नलिका बंद होत्या. डॉक्टरांनी फलन शरीराबाहेर घडवून गर्भ गर्भाशयात ठेवला. म्हणजे नलिकेचं काम काही दिवस काचेच्या बशीने केलं. मूल न होण्यामागे शरीरातलं असं एखादं कारण असतं, आणि ते स्त्रीत किंवा पुरुषात, कुठेही असू शकतं. मुलांना हे शाळेतच कळलं, तर उद्या ती कुणाला 'वांझ' म्हणून हिणवणार नाहीत.

विचारण्यासाठी प्रश्न

१. अंडनलिकेला निव्वळ पाइप का म्हणता येणार नाही? तीन कारणं सांगा.
२. नलिका बंद असूनही गाय माजावर का येते?
३. कोंबडीच्या अंड्यात फलन कवच तयार होण्याआधीच का व्हावं लागतं?