खडीची वाहतूक : ब्रासचे भाडे आणि टनाचा दंड

खडी, मुरूम, वाळू यांच्या वाहतुकीत आपले अनेक बांधव आहेत. भाडे ब्रासवर ठरते, दंड मात्र टनावर होतो. हा फरक ध्यानात न घेतल्याने कित्येकांची महिन्याची कमाई एका वजनकाट्यावर संपते. म्हणून एक्सल आणि वजन यांचा हिशेब नीट समजून घेऊ.

अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे खडी वाहणाऱ्या जोडगाड्यांना ‘ग्रॅव्हल ट्रेन’ म्हणतात. पुढे ट्रक, मागे ट्रेलर, मिळून 11 एक्सल. मालासह 1,64,000 पौंड, म्हणजे सुमारे 74 टन वजनाला कायद्याची मुभा आहे. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरील सर्वसाधारण मर्यादा 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन. मग दुप्पट वजन कसे चालते? भागाकार करून पाहा. 74 टन 11 एक्सलवर वाटले, तर प्रत्येकी पावणेसात टन येतात. 36 टन पाच एक्सलवर वाटले, तर सव्वासात. मोठ्या गाडीचा प्रत्येक एक्सल रस्त्यावर कमीच दाबतो.

रस्ता खराब होतो तो मुख्यतः एक्सलच्या भाराने. इलिनॉय राज्यात ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात ट्रक सतत फिरवून याची मोठी चाचणी झाली. तिच्यावरून बसवलेल्या ढोबळ नियमाप्रमाणे एक्सलवरचा भार दीडपट झाला, तर रस्त्याची झीज सुमारे पाचपट होते.

अर्थात जास्त एक्सल फुकट मिळत नाहीत. टायरांचा खर्च वाढतो, वळणावर टायर घासतात. त्यामुळे काही एक्सल उचलता येतील असे बसवतात. पुलाला तर गाडीचे एकूण वजनही पेलावे लागते. मिशिगनमध्ये मार्च ते मे या काळात बर्फ वितळून जमीन मऊ होते; तेव्हा अनेक डांबरी रस्त्यांवर एक्सलची मर्यादा 35 टक्क्यांनी कमी करतात.

आता आपल्याकडे वळू. 2018 साली केंद्र सरकारने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन आणि जोडएक्सलची 19 वरून 21 टन केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड आला.

समजा, आर.सी.वर एकूण वजन 18.5 टन आहे आणि रिकामी गाडी 6.5 टनांची आहे. मालासाठी 12 टन उरले. एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट खडी, साधारण साडेचार टन भरते. अडीच ब्रास म्हणजे सव्वाअकरा टन, हे नियमात बसते. तीन ब्रास म्हणजे साडेतेरा टन. दीड टन जादा झाले. अर्ध्या ब्रासचे भाडे किती आणि दंड किती, हे ज्याने त्याने ताडून पाहावे. शिवाय टायर, पाटे आणि ब्रेक यांची झीज वेगळीच.

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. रिकाम्या गाडीचे वजन काट्यावर करून पावती गाडीत ठेवावी. ओली वाळू कोरडीहून जड भरते, म्हणून पावसाळ्यात ब्रास कमी भरावा. नेहमी जास्त माल न्यायचा असेल, तर हौद्याच्या फळ्या उंच करण्याऐवजी जास्त एक्सलची गाडी घ्यावी. भाडे ठरवतानाच ‘नियमात बसेल तेवढाच माल’ असे सांगून टाकले, की पुढची तक्रार टळते.