पूजेनं मन खरंच शांत होतं का?

प्रश्न : वडील गेल्यापासून आईची पूजा अर्ध्या तासावरून दीड तासावर गेली आहे. ‘त्याशिवाय मला चैन पडत नाही,’ म्हणते. मी देव मानत नाही. पूजेचा मनाला खरोखर उपयोग होतो, की ही नुसती समजूत? आणि होत असेल, तर माझ्यासारखीला तो मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आई म्हणते ते खरं असावं. याची तपासणी झालेली आहे, आणि गंमत म्हणजे तीही मराठी माणसांवर, पण मॉरिशसमध्ये. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथं आजही गणपती बसवतात. त्यांच्यातल्या ७५ जणांना संशोधकांनी आधी मुद्दाम धास्तावलं. भाषण तयार करा, म्हणाले. (भाषण म्हटलं की पोटात गोळा येतो, हे कळायला संशोधन लागत नाही.) मग काहींना देवळात जाऊन नेहमीची पूजा करायला सांगितलं, बाकीच्यांना नुसतं निवांत बसायला. पूजा करणाऱ्यांनी धास्ती कमी झाल्याचं सांगितलंच, शिवाय हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींतही ते उतरलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

यात निवांत बसणं मागं पडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. घाबरलेल्या माणसाला ‘शांत बस’ म्हटलं की तो बसतो आणि तेच तेच घोळवत राहतो. पूजेत हाताला काम असतं आणि क्रम ठरलेला असतो. ताम्हनात देव घ्यायचे, पाणी घालायचं, पुसायचे, गंध, फूल, निरांजन. पुढं काय, हे ठरवावं लागत नाही. नवरा गेल्यावर रोज सकाळी ‘आता पुढं काय’ हाच प्रश्न ज्या बाईसमोर उभा राहतो, तिला तेवढा दीड तास तरी उसंत मिळत असेल.

पण हा उतारा सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. २००६ मध्ये लेबनॉनमधून उत्तर इस्राएलवर रॉकेटं पडत होती, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी त्सफात गावातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. जिवावर उदार होऊन गावातच राहिलेल्यांपैकी ज्या स्तोत्रं म्हणत होत्या, त्यांची चिंता कमी आढळली. गाव सोडून गेलेल्यांना मात्र स्तोत्रांचा तसा गुण आला नाही. रॉकेट कुठं पडेल ते आपल्या हातात नसतं. परगावी बिऱ्हाड थाटायचं तर हातपाय हलवावे लागतात. वडिलांचं जाणं पहिल्या प्रकारातलं. आईला रक्तदाबाची गोळी असेल तर ती दुसऱ्या प्रकारातली. पूजा आटोपेपर्यंत ती राहून जात नाही ना, एवढं बघा.

आणि ‘देवानं मला टाकलं’ असं तिच्या मनात घर करत नाही ना, हेही. इस्पितळातल्या वयस्कर रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात असं वाटणाऱ्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. ‘कुठल्या जन्मीचं भोगतेस गं’ म्हणत भेटायला येणाऱ्या मंडळींना चहा देऊन लवकर वाटेला लावावं.

एकटीच्या पूजेपेक्षा संगतीचा गुण मोठा, असं माझं मत. मुक्कामावर पोचलेल्या आळंदीच्या पालखीची समाजआरती कधी बघा. दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती. एरवी तालुक्याला एका अर्जासाठी चार हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं इथं सगळा सोहळा थांबून ऐकतो. भक्तीचा भाग सोडून द्या, पण हे आणखी कुठं मिळतं?

आता तुमचं. सोसिस यांनीच एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामूहिक वसाहतींचे हिशेब मांडले. धर्मावर उभ्या राहिलेल्या वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा बऱ्याच जास्त टिकल्या. कडक नियमांनी धार्मिक वसाहतींचं आयुष्य वाढलं, निधर्मींचं नाही. मला यातलं कारण सोपं दिसतं : नियम शेजाऱ्यानं केलेला असला की ‘का म्हणून?’ विचारता येतं. ट्रेकचा ग्रुप दोन पावसाळ्यांत पांगतो तो त्यामुळंच. तेव्हा तुम्हाला सगळं मिळेल असं मी म्हणणार नाही. ठरलेला वार, ठरलेली माणसं, हाताला काम, एवढं जमवलंत तर बरंचसं मिळेल.

तोवर आईला पूजेपुरतं घरात न ठेवता भजनी मंडळात धाडा. पेटी येत असेल तर तुम्हीही जा. मंडळांना पेटीवाल्यांची कायम टंचाई असते, आस्तिक की नास्तिक हे कुणी विचारायचं नाही.